मांजराचे केस गळतात : काळजी कधी करायची, कधी नाही

आमच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न एकच. "केस गळायचे थांबतील असं काही आहे का हो तुमच्याकडे? शाम्पू, गोळी, तेल, काहीही चालेल." आम्ही मांजरांचं खाणं, वाळू, फण्या विकतो आणि मागच्या खोलीत मांजरं विंचरून देतो, तेव्हा एखादी बाटली पुढे करणं आम्हाला सोपं आहे. पण आम्ही ती करत नाही. धडधाकट मांजराचे केस गळायचे थांबवणारं औषधच नसतं. ते केस सोफ्यावर आणि मांजराच्या पोटात जाण्याऐवजी फणीत कसे येतील, एवढंच आपल्या हातात असतं. आणि फणीत आलेले केस नेमाने नजरेखालून गेले, तर मांजराचं काही बिनसलं असेल ते लवकर लक्षात येतं. आमच्या गिऱ्हाइकांसाठी हे पत्रक काढलं ते यासाठीच.

केस का गळतात

प्रत्येक केस वाढतो, वाढायचा थांबतो, मग सुटतो आणि त्या जागी नवा येतो. मांजराच्या अंगातलं हे चक्र मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालतं. थंडी सरून दिवस मोठा होऊ लागला की बाहेर हिंडणारी मांजरं जाड केस टाकायला लागतात. पण फ्लॅटमधल्या मांजराच्या डोळ्यांवर रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइटचा उजेड असतो, बाराही महिने. त्याच्या अंगाला ऋतू नीट कळतच नाही आणि केस वर्षभर थोडे थोडे गळत राहतात. त्यामुळे "आमची मनी बारा महिने केस गाळते" ही बहुतेक वेळा आजाराची खूण नसते.

देशी मांजराचे केस आखूड आणि अंगालगत. पर्शियनच्या लांब केसांखाली लोकरीसारखा आणखी एक दाट थर असतो, आणि गुंता होतो तो तिथेच. आणखी एक सांगून ठेवतो. डॉक्टरांच्या टेबलावर किंवा आमच्याकडे आल्यावर मांजराचे केस अचानक पुंजक्यांनी निघायला लागले, तर घाबरू नका. भ्यालेलं मांजर केस सोडतं. घरी जाऊन कपाटाखाली तासभर बसलं की ते थांबतं.

विंचरायचं कसं

देशी मांजराला आठवड्यातून दोनदा पुरे, जास्त गळत असतील तेव्हा एक दिवसाआड. पर्शियनला रोज, आणि रोज म्हणजे रोज. रविवारी एकदम तासभर विंचरून आठवड्याची कसर भरून निघत नाही, कारण तोवर जटा झालेल्या असतात.

वेळ निवडायची ती जेवणानंतरची, डोळे मिटायला लागले असतील तेव्हाची. मांडीत दाबून धरू नका. आधी फणी नुसती हुंगू द्या. मग गालावरून, हनुवटीखालून सुरुवात करा, कारण तिथे हात फिरलेला त्यांना आवडतो. तिथून मानेवर, पाठीवर, केस वळतात त्याच दिशेने. पोट आणि मांड्या अगदी शेवटी, आणि मांजर देईल तेवढंच. शेपूट आपटायला लागली, कान मागे गेले किंवा पाठीवरची कातडी थरथरली की थांबायचं. बोचकारेपर्यंत वाट पाहिली तर दुसऱ्या दिवशी फणी बघूनच ते पळेल. पाच मिनिटांत मांजर खूश असताना संपवलेलं विंचरणं टिकतं. शेवटी ओला हात किंवा ओला रबरी हातमोजा पाठीवरून फिरवा. सुटे राहिलेले केस त्याला चिकटून येतात. हाच हातमोजा सोफ्यावर आणि गादीवरही उपयोगी पडतो.

जटा होतात त्या ठरलेल्या जागी: कानामागे, बगलेत, मांड्यांच्या मागे, गळपट्ट्याखाली. जट दिसली की मुळाशी दोन बोटांनी केस धरून ठेवा, म्हणजे कातडी ओढली जाणार नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत आत या. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळलं तर गुंता सैल होतो. जट न सोडवता आंघोळ घालू नका. भिजलेली जट वाळताना आणखी आवळते.

कात्री मात्र लावू नका. एक ताई आमच्याकडे रडत आल्या होत्या, टॉवेलात गुंडाळलेलं पांढरं पर्शियन घेऊन. बगलेतली सुपारीएवढी जट कापायला त्यांनी शिवणाची कात्री घेतली होती. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट ओढली की तिच्याबरोबर कातडीही वर उचलली जाते, आणि केस कुठे संपले नि कातडी कुठे सुरू झाली ते दिसत नाही. दोन बोटं लांबीची जखम झाली होती. आम्ही त्यांना तसंच डॉक्टरांकडे नेलं आणि टाके घालावे लागले. मांजर बरं झालं. "पुढे कुणी विचारलं तर माझं उदाहरण सांगा," असं ताईच म्हणाल्या, म्हणून इथे लिहिलं. जट कातडीला अगदी चिकटली असेल तर ती मशीननेच, सवयीच्या हाताने काढावी लागते.

उन्हाळ्यात सगळं अंग भादरून घ्यायला बरेच जण येतात. जटांनी अंग भरलं नसेल तर आम्ही नको म्हणतो. उन्हापासून कातडी राखायचं कामही केसच करतात. मोकळे, विंचरलेले केस, पंखा आणि थंड फरशी एवढं त्यांना पुरतं. आंघोळीचंही तसंच. आखूड केसांचं निरोगी मांजर स्वतःला स्वच्छ ठेवतं, आणि माणसांच्या शाम्पूने त्याची कातडी कोरडी पडते.

पोटात जाणारे केस

मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. चाटताना सुटे केस त्यात अडकतात आणि थुंकता येत नाहीत म्हणून गिळले जातात. बहुतेक केस शीतून निघून जातात. काही पोटात साठतात आणि मग पहाटे तो ओकारीचा आवाज ऐकू येतो. आपण गोळा म्हणतो, पण बाहेर पडतो तो समईतल्या वातीसारखा लांबट असतो. लांब केसांच्या मांजराला अधूनमधून असं झालं तर त्यात विशेष नाही. पण पुन्हा पुन्हा उमाळे येऊन काहीच पडत नाही, खाणं सुटलंय, शी होत नाही, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. मांजर जमिनीशी दबून, मान लांब करून कोरडं खोकत असेल तर लोक त्यालाही "केस अडकला" म्हणतात. तो दमाही असू शकतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, त्यांना निदानाला फार मदत होते.

जिभेच्या याच काट्यांमुळे दोराही आत ओढला जातो. गजऱ्याचा दोरा, राखीचा दोरा, मांजा, सुईतला दोरा. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका, आतडं कापलं जातं. तसंच उचलून दवाखान्यात न्या.

घरातली मोठी माणसं म्हणतात, मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो. केसाने दमा होत नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या ग्रंथींत एक प्रथिन असतं, काही जणांना त्याची ॲलर्जी असते, आणि चाटल्यामुळे ते केसांवर बसून घरभर पसरतं. ज्याला आधीच दमा आहे त्याला त्याने त्रास होऊ शकतो. अशा घरात विंचरायचं काम दुसऱ्याने करावं, मांजराला झोपायच्या खोलीत घेऊ नये आणि केर काढण्याऐवजी ओलं फडकं फिरवावं.

फणीत काय बघायचं

फणीत केसांबरोबर काळे, मिरपुडीसारखे कण आले तर ओल्या पांढऱ्या टिश्यू पेपरवर झटका. मिनिटभराने कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचं पचलेलं रक्त. आमच्या काउंटरवर हे रोज कुणी ना कुणी करून बघतं आणि "पण आमचं मांजर घराबाहेर जातच नाही!" असं म्हणतं. पिसवा आपल्याबरोबर आत येतात. आणि त्यांची अंडी अंगावरून गळून गादीत, सतरंजीत पडतात, म्हणून नुसत्या मांजराला औषध लावून भागत नाही.

गोल टक्कल, कडेला तुटके केस, वर राखाडी कोंडा: हा बहुधा गजकर्ण. पावसाळ्याच्या दमट हवेत, आणि पिल्लांना जास्त. तो माणसांनाही होतो, तेव्हा पोरांच्या हातावर चट्टे आले असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. आपल्याकडची गजकर्णाची ट्यूब मांजराला लावू नका, ते ती चाटून टाकतं.

पोट किंवा मांड्यांची आतली बाजू उघडी पडली असेल तर केस बहुधा गळलेले नसतात, चाटून तोडलेले असतात. त्यामागे खाज असेल, लघवीच्या जागी दुखत असेल, किंवा घरात नवं बाळ, नवं मांजर, रंगकाम असं काहीतरी मनाला लागलं असेल. कमरेजवळ तेलकट झुपके आणि कोंडा दिसला तर मांजर वजनामुळे किंवा सांधेदुखीमुळे तिथवर वळू शकत नसेल. आणि दहा वर्षांच्या पुढचं मांजर भरपूर खाऊनही वाळत चाललं असेल, केस विस्कटलेले आणि निस्तेज असतील, पाणी जास्त पीत असेल, तर रक्ततपासणी करून घ्याच. थायरॉइड, मूत्रपिंड किंवा मधुमेह, यांतलं काही असू शकतं.

दूध-पोळीवर केस चमकत नाहीत

केस बनतात प्रथिनापासून, आणि मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. दूध-पोळी, दूध-भात हे प्रेमाने दिलं जातं हे आम्हाला ठाऊक आहे, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. शिवाय त्यांना टॉरिन नावाचं द्रव्य खाण्यातून मिळावंच लागतं. १९८७ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी दाखवलं की ते कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं. त्यानंतर कंपन्यांनी तयार खाण्यात त्याचं प्रमाण वाढवलं. टॉरिन कमी पडून डोळेही जातात. घरी चिकन उकडून देत असाल तर उकडलेलं पाणी फेकू नका, टॉरिन त्या पाण्यात उतरतं. कलेजीबरोबर येणारं कोंबडीचं हृदय आवर्जून द्या. मासे शिजवून, काटे काढून. सुकट-बोंबलात मीठ फार असतं. पण नुसत्या घरच्या चिकनमध्ये कॅल्शियम पुरत नाही, म्हणून रोजचा आधार पूर्ण आहार असलेल्या तयार खाण्याचा ठेवा.

मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले, त्याला तहान कमी लागते. पाणी पसरट भांड्यात, वाळूच्या ट्रेपासून लांब, दोन-तीन ठिकाणी ठेवा.

घरातलं विष

तापाची पॅरासिटामॉल: एक गोळीही जीव घेऊ शकते, थोडीशी तोडूनही देऊ नका. कुत्र्यांचं पिसवांचं औषध: त्यात बऱ्याचदा पर्मेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात. फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं, म्हणून फरशी साध्या साबणाच्या पाण्याने पुसा. डांबर गोळ्या, कापूर, कांदा-लसणाचा रस्सा लांब ठेवा. आणि लिली: पुष्पगुच्छातल्या लिलीचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणी, कशानेही मूत्रपिंडं निकामी होतात. मांजर असलेल्या घरात तो गुच्छ आणूच नका.

थांबायचं नाही अशा वेळा

बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि लघवी होत नाहीये: सकाळची वाट पाहू नका. लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. "बद्धकोष्ठ वाटलं" म्हणून एक रात्र थांबलेले लोक आम्ही पाहिलेत, म्हणून हे इतकं ठासून लिहितो. तोंड उघडं टाकून धापा टाकणं, दिवसभर काहीच न खाणं, हेही तसंच. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून ते बिघडतं.

लसी पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर सुरू होतात, रेबीजची ते साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. पुढचं वेळापत्रक डॉक्टर देतील. मांजर चावलं किंवा बोचकारलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा, मांजर घरचं असलं तरी.

"सून गरोदर आहे, मांजर देऊन टाकू का?" असं विचारत दोन-तीन सासूबाई दरवर्षी येतात. देऊ नका. गरोदरपणी पोटातल्या बाळासाठी ज्या जंतूची भीती असते, तो टॉक्सोप्लाझ्मा, मांजराच्या शीतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस घेतो. ट्रे रोज, आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी साफ करावा. मांजराला कच्चं मांस देऊ नये, आणि सुनेनेही भाजीपाला नीट धुऊन खावा.

पहिल्यांदा फणी घेणाऱ्यांना आम्ही विंचरून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. येताना मांजर झाकणाच्या टोपलीत किंवा पेटीत आणा, कडेवर नको. रस्त्यावरच्या हॉर्नने ते निसटतं. गोल टक्कल दिसत असेल तर मात्र त्याला आधी डॉक्टरांकडे न्या, आमच्याकडे दुसऱ्यांची मांजरं असतात. फक्त शंका विचारायची असेल तर मांजराला घरीच झोपू द्या. फणीत आलेले केस कागदाच्या पाकिटात घालून घेऊन या, आपण काउंटरवर ओला टिश्यू ठेवून बघू.