गुलाबाचं तेल गेलं कुठे? सेपरेटरचं पाणी ओतून देण्याआधी हे वाचा

आमच्याकडून डिस्टिलेशन युनिट घेतलेल्यांचा गुलाबाचा पहिला लॉट निघाला की फोन येतोच, म्हणजे गवती चहा टाकला तेव्हा सेपरेटरच्या (तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या) काचेत पिवळ्या तेलाचा जाड थर दिसत होता आणि आता एवढी फुलं घातली तर नुसता तवंग, वाफ थंड करणारा कंडेन्सर गळतोय का? बहुतेक वेळा कंडेन्सर ठीक असतो. माल पाण्यात विरघळून गेलेला असतो.

तेल-पाणी एकमेकांत मिसळत नाही हे खरंय, पण वास देणारे पदार्थ दोन्हीत थोडेफार विरघळतात. दोन थर एकमेकांना टेकून असले की तो पदार्थ इकडून तिकडे जात-येत राहतो आणि काही वेळाने जेवढा जातो तेवढाच परत येतो, म्हणजे वाटणी ठरली. वाल्टर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये याचा नियम मांडला: तापमान तेच असेल तर तेलातली तीव्रता भागिले पाण्यातली तीव्रता हा आकडा तोच राहतो, पदार्थ थोडा कमी-जास्त असला तरी. याला वितरण गुणांक म्हणतात. पण नीट बघा, ठरलेलं असतं ते दर लिटरमागचं प्रमाण, एकूण माल नाही.

आता गुलाबाचा हिशोब करू. गुलाबाच्या वासातला मोठा भाग फिनाइल इथाइल अल्कोहोलचा, आणि त्याचा गुणांक तेलाच्या बाजूने साधारण २० धरा. ऐकायला वाटतं की २० पट तेलात जातं म्हणजे काळजी नाही, पण १ किलो गुलाबतेलाला ४००० किलोच्या आसपास फुलं लागतात आणि किलोमागे एक लिटर पाणी उतरवलं तर ४००० लिटर पाणी झालं. तेलाकडे १ गुणिले २० म्हणजे २० भाग, पाण्याकडे ४००० भाग. म्हणजे तेलाच्या वाट्याला अर्धा टक्का! म्हणून गुलाबपाण्याला एवढा खरा वास असतो. गवती चहातला सिट्रल पाण्यात जेमतेम विरघळतो, शिवाय तेलही भरपूर निघतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न जाणवत नाही.

उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले यावरचा उपाय पिढ्यान्‌पिढ्या हाताने करत आलेत. त्यांच्या भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करायच्या भांड्यात, परंपरेने आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं आणि देगेतली (फुलं उकळायच्या भांड्यातली) वाफ थेट त्यात उतरते. समजा ५ किलो तेल आणि ५० लिटर पाणी, तर तेलाकडे १०० भाग आणि पाण्याकडे ५०, म्हणजे दोन तृतीयांश सुगंध तेलात! गुणांक तोच आहे हो, फक्त तेल वाढलं. नंतर खालचं पाणी काढून परत देगेत घालतात, तेही याच कारणासाठी.

तुम्हीही तेच करा. तेल हवं असेल तर सेपरेटरचं पाणी पुढच्या लॉटच्या बॉयलरमध्ये परत घाला, नाहीतर स्वच्छ बाटल्यांत भरून गुलाबपाणी म्हणून विका, पण मोरीत ओतू नका, जीव तुटतो आमचा. काहीजण पाण्यात मीठ घालतात, त्याने सुगंध तेलाकडे ढकलला जातो हे बरोबर आहे, पण ते पाणी मग गुलाबपाणी म्हणून जात नाही आणि बॉयलरमध्ये गेलं तर मीठ स्टीललाही खातं, तेव्हा आमच्या युनिटमध्ये मीठ नकोच.

आणि फोन करण्याआधी एक करून बघा. सेपरेटरचं पाणी काचेच्या बाटलीत भरून, बूच लावून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर तेलाचं कडं आलं असेल तर ते विरघळलेलं नव्हतं, बारीक थेंब वाहून जात होते, म्हणजे धार जोरात आहे किंवा सेपरेटर लहान पडतोय, तसं असेल तर कळवा, आम्ही येऊन बघतो. पाणी नितळ आहे आणि बूच काढल्यावर घमघमतंय, तर युनिट बरोबर चाललंय.