पुण्यातील उद्याने व टेकड्यांचे भागीदारीतून व्यवस्थापन

शहरातील बागा, टेकड्या व वनजमिनी सांभाळण्याचे काम सरकारी यंत्रणा, विश्वस्त संस्था, नागरिकांचे गट आणि कंपन्या यांनी वाटून घेण्याची पद्धत. जमीन एकाची, पाणी दुसऱ्याचे, राबणारे हात तिसऱ्याचे, असे तिचे रूप असते. पुणे महानगरपालिका १९५० साली स्थापन झाली आणि आज तिच्याकडे २०० हून अधिक उद्याने आहेत. ही पद्धत मात्र महापालिकेहून बरीच जुनी आहे.

रेसकोर्सजवळची एम्प्रेस गार्डन हे तिचे सर्वांत टिकाऊ उदाहरण. ही बाग ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळते. संस्थेची स्थापना १८३० ची. प्रवेशशुल्क, रोपवाटिका आणि दर जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन यांतून संस्थेला उत्पन्न मिळते. स्वतःचे उत्पन्न आणि स्वतःचे माळी असल्यामुळेच तिथले जुने वृक्ष आणि महाकाय वेली आजही पाहायला मिळतात. सारसबागेत वाटणी निराळी आहे. तळ्यातल्या गणपतीचे मंदिर देवदेवेश्वर संस्थानाकडे, तर भोवतालची बाग महापालिकेकडे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान पुणे आणि जपानमधील ओकायामा या शहरांच्या मैत्रीतून उभे राहिले. सुमारे १० एकरांची ही बाग ओकायामातील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर आखलेली असून २००६ साली खुली झाली. कल्पना परदेशातून आली, पण हिरवळ कापणे, पाणी खेळते ठेवणे ही रोजची निगा महापालिकेलाच करावी लागते.

भागीदारीचा खरा कस लागतो तो टेकड्यांवर. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पाचगाव-पर्वती, तळजाई, बाणेरची टेकडी यांचा मोठा भाग वनखात्याच्या ताब्यात आहे. तिथे पाण्याची सोय तुटपुंजी. बेसाल्टवर मुरमाचा आणि मातीचा पातळ थर, त्यामुळे पाऊस सरला की ओल लगेच उडते. जुलैत रोप लावायला शंभर माणसे जमतात; एप्रिलमध्ये पाणी घालायला त्यातली थोडीच उरतात. रोप जगवायचे तर निदान तीन उन्हाळे सांभाळावे लागते, आणि हिरवाई टिकते ती या तीन उन्हाळ्यांच्या माणसांमुळे. पहाटे फिरायला येणारे कित्येक पुणेकर घरून पाण्याच्या बाटल्या भरून आणतात. आळ्यात पाणी ओतायचे, वर वाळका पाला पसरायचा, बुंध्याभोवती दगड रचायचे, की ओल जरा जास्त धरून राहते. दिवाळीनंतर गवत वाळले की वणव्याची धास्ती सुरू होते, म्हणून त्याआधीच जाळपट्टे, म्हणजे आग अडवणारे गवत नसलेले पट्टे, काढून ठेवतात. बाणेर टेकडीवर वसुंधरा अभियान या गटाने रविवारच्या श्रमदानातून वर्षानुवर्षे चर खणले, पाणी मुरवले, झाडे वाढवली.

काय लावायचे यावर भागीदारांचे एकमत नसते. वनखात्याने पूर्वी उजाड उतार झटपट हिरवे करायला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे भराभर वाढणारे विदेशी झाड मोठ्या प्रमाणावर लावले. त्याच्याखाली गवत व देशी झुडपे फारशी वाढत नाहीत, हा टेकडीप्रेमींचा जुना आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. पण त्याच्या जागी काटेसावर, पळस, बहावा, गणेर लावण्याच्या उत्साहात आणखी एक गोष्ट निसटते: या टेकड्यांचा बराच भाग मुळातच गवताळ माळ आहे. चंडोल, टिटवी यांसारखे जमिनीवर घरटे करणारे पक्षी तिथे वाढतात. अशा माळावर खड्डे खणून केलेली लागवड नुकसानच करते. कुठे लावायचे नाही हे ठरवणे म्हणजेही व्यवस्थापनच.

वारजे येथील स्मृतिवनात वनखात्याच्या सुमारे ४० एकर उजाड जमिनीवर स्थानिक नागरिक व संस्थांच्या मदतीने जंगल वाढवले गेले. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये, जागतिक पर्यावरण दिनी, देशभर २०० शहरी वने उभारण्याची ‘नगर वन’ योजना जाहीर केली तेव्हा नमुना म्हणून याच वनाकडे बोट दाखवले.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याची जबाबदारी टाकली. तेव्हापासून उद्यानांचे कोपरे, चौक आणि रस्त्यांचे दुभाजक दत्तक घेणे सोपे झाले. मात्र हा पैसा आर्थिक वर्षाच्या हिशेबाने येतो, झाड त्या हिशेबाने वाढत नाही. रोपे, कुंपण आणि नामफलक यांसाठी निधी मिळतो. राखणदाराचा पगार आणि टँकर यांसाठी मिळवताना नाकी नऊ येतात. करारात निदान तीन वर्षांचे पाणी आणि राखण लिहून घेणे म्हणूनच अगत्याचे.

वृक्षतोडीबाबत १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्यानुसार महापालिकेचे वृक्ष प्राधिकरण काम करते आणि झाड तोडण्याच्या प्रस्तावावर नागरिकांना हरकत घेता येते. वेताळ टेकडीवरील प्रस्तावित बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध २०२३ मध्ये मोठा मोर्चा निघाला, त्यातही टेकडीवर नियमित फिरणारे पुढे होते.

सर्वांत अवघड प्रश्न खासगी जमिनीचा. १९९७ मध्ये शहरात आलेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे, सुमारे ९७८ हेक्टरांचे आरक्षण आहे. यातली बरीच जमीन खासगी मालकांची आहे आणि मोबदल्यावरून मालक व शासन यांचे जमत नाही. जमीन ताब्यात नाही तोवर महापालिकेला तिथे खर्च करता येत नाही, गटांना मालकाच्या परवानगीशिवाय चर खणता येत नाही, आणि दरम्यान उतारावर बेकायदा बांधकामे वाढत राहतात.