नास्तिक्य आणि धर्म

ईश्वराचे अस्तित्व न मानण्याला नास्तिक्य म्हणतात. हेही एक प्रकारची श्रद्धाच आहे, किंबहुना धर्मच आहे, असा आक्षेप त्यावर नेहमी घेतला जातो. नागपुरात तो असा ऐकू येतो : "देव नाही मानत म्हणता, मंग तोच तुमचा धर्म झाला ना भाऊ!" आक्षेप वरवरचा वाटला तरी उडवून लावण्यासारखा नाही. त्यात मत, श्रद्धा आणि धर्म या तीन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात, म्हणून त्या आधी सोडवून घ्याव्या लागतात.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत (४.४.६०) आस्तिक आणि नास्तिक हे शब्द 'मति'शी जोडलेले आहेत. 'अस्ति' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नास्ति' अशी ज्याची मती तो नास्तिक. काशिकावृत्ती ही अष्टाध्यायीवरची जुनी टीका हे परलोकाविषयी आहे असे सांगते. मनुस्मृतीत (२.११) नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. म्हणूनच सृष्टिकर्ता ईश्वर न मानणारी मीमांसा आणि निरीश्वर सांख्य ही दर्शने आस्तिक ठरली, तर जैन, बौद्ध आणि चार्वाक नास्तिक. आज आपण ज्या अर्थाने हा शब्द वापरतो तो अर्थ या जुन्या वाटणीत बसत नाही. पाणिनीने निवडलेला 'मति' हा शब्द मात्र आजही नेमका वाटतो.

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर नागपूरच्याच भूमीवर मिळते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना ती देताना २२ प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, ही त्यांतली पहिली. ईश्वराच्या अवताराची कल्पना नाकारणारी प्रतिज्ञाही त्यांत आहे. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यांतली माणसे गावोगावहून येतात, स्तूपाला वंदन करतात, पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी करतात आणि परतताना पिशवीत पुस्तके घेऊन जातात. येथे त्रिशरण आहे, पंचशील आहे, वंदना आहे, संघ आहे. सृष्टिकर्ता देव नाही. म्हणजे देवाशिवाय धर्म उभा राहू शकतो. देव मानणे आणि धर्म असणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे यातून निर्विवाद सिद्ध होते. मग उलट बाजूही मान्य करावी लागते : केवळ देव नाकारल्याने कोणाचा धर्म तयार होत नाही. त्यासाठी शील लागते, समुदाय लागतो, जन्मापासून मरणापर्यंतचे संस्कार लागतात.

श्रद्धेचा मुद्दा याहून अवघड आहे. "देव आहे हे मला पटलेले नाही" आणि "देव नाहीच" ही दोन विधाने सारखी नाहीत. पहिल्यात पुराव्याची मागणी आहे, दुसऱ्यात दावा आहे, आणि दावा करणाऱ्यावर तो सिद्ध करण्याची जबाबदारी येते. पुरावा हाती नसताना दुसरे विधान हट्टाने करणाऱ्या नास्तिकाला श्रद्धाळू म्हटले तर त्याने रागावू नये. इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस हक्सली यांनी १८६९मध्ये अज्ञेयवादाला, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही या भूमिकेला, नाव दिले ते याच अडचणीपोटी. देव वजा करून धर्म रचण्याचा प्रयत्नही झालेला आहे : फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँत यांनी 'मानवतेचा धर्म' मांडला आणि ब्राझीलमध्ये त्याची मंदिरेही उभी राहिली. पण तो त्यांनी जाणीवपूर्वक घडवलेला धर्म होता. नास्तिक्यातून तो आपोआप उगवला नाही.

कायद्याची भाषा वेगळी असते. अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने २००५मध्ये घटनेतील धर्मस्वातंत्र्याचे संरक्षण देण्यापुरते नास्तिक्य धर्मासमान धरले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४मध्ये वेगळी वाट धरली : आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि सरकार त्याला धर्म लिहिण्याची सक्ती करू शकत नाही. माणसाच्या प्रतिष्ठेला हा निकाल अधिक साजेसा आहे. डिसेंबर २०१३मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संमत झालेला जादूटोणाविरोधी कायदाही नास्तिकतेचा कायदा नाही. तो अमानुष कृत्यांना शिक्षा देतो, मनातल्या श्रद्धेला हात लावत नाही.

बोलीवरून कोणाला आस्तिक ठरवणेही चूकच. नागपुरात पक्का नास्तिकसुद्धा "असं कसं बाप्पा!" म्हणतो. तो 'बाप्पा' वऱ्हाडी-नागपुरी बोलण्याचा सूर आहे, त्यात प्रार्थना नसते.

खरा फरक घरात मृत्यू झाला की दिसतो. धार्मिक घराला पुढचे तेरा दिवस आखून मिळतात : कोणी काय आणायचे, कोणी कुठे बसायचे, कोणत्या दिवशी काय करायचे. नास्तिक घराला यातले काहीच आयते मिळत नाही. देहदान करायचे की दहन, शोकसभा घ्यायची की चार माणसांनी नुसते जवळ बसायचे, हे रडता रडताच ठरवावे लागते, आणि घाटावरून परतलेले नातेवाईक दारातच विचारतात, "तेरवी कधी आहे?"