दुर्बिणीला कॅमेरा लावला म्हणजे फोटोच काढायचा असतो असं नाही

नेत्रिकेच्या, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावायच्या भिंगाच्या जागी कॅमेरा, तिथून लॅपटॉपपर्यंत गेलेली केबल आणि पडद्यावर रंगीत तेजोमेघ. एवढं दिसलं की येणारा-जाणारा म्हणतो, ‘वा, ॲस्ट्रोफोटोग्राफी चाललीये!’ बरेचदा तसं नसतं. त्याच सामानावर दोन वेगळे उद्योग चालतात. एकात तासन्‌तास प्रकाश गोळा करायचा आणि पुढे केव्हातरी सवडीने त्यातून देखणा फोटो घडवायचा. दुसऱ्यात चार जणांनी मिळून आत्ताच आकाश बघायचं. या दुसऱ्याला व्हिडिओ ॲस्ट्रॉनॉमी म्हणतात, हल्ली ईएए (इलेक्ट्रॉनिकली असिस्टेड ॲस्ट्रॉनॉमी) हे लघुरूपही चालतं. माझ्या मते तिचं सख्खं नातं नेत्रिकेशी आहे, फोटोग्राफीशी फार तर चुलत.

नेत्रिका सोडून पडद्याकडे वळायचं कारण आपल्या डोळ्यातच आहे. डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या छोट्याशा अंशात जेवढा येतो तेवढ्यावरच चित्र उभं करतो आणि मग पाटी कोरी. त्यातून मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाहीत. हायड्रोजनच्या तेजोमेघांचा तांबडा प्रकाश 656 नॅनोमीटरचा, आणि अंधाराला सरावलेला डोळा तिथे जवळजवळ आंधळा असतो. मृगातला अश्वमुखी तेजोमेघ घ्या. खगोलशास्त्रज्ञ विल्यमिना फ्लेमिंग यांना तो 1888 मध्ये फोटोच्या काचेवर सापडला, आणि डोळ्याने तो टिपणं आजही मोठी दुर्बीण आणि गडद आकाश असलेल्यांचीसुद्धा परीक्षा बघतं. कॅमेऱ्याला मात्र मध्यम आकाराच्या दुर्बिणीवर काही मिनिटं पुरतात.

पूर्वी हौशी मंडळी पाळतीसाठी बनवलेले संवेदनशील कॅमेरे दुर्बिणीला लावून चित्र थेट टीव्हीवर बघायची. पुढे कमी नॉइजचे, म्हणजे चित्रात कमी रवाळपणा आणणारे सीमॉस सेन्सर आले आणि लाइव्ह स्टॅकिंग, म्हणजे फ्रेमवर फ्रेम तिथल्या तिथे रचत जाणं, सोपं झालं. शार्पकॅपसारखं सॉफ्टवेअर काही सेकंदांची एकेक फ्रेम घेतं, तिच्यातले तारे ओळखतं, आधीच्या फ्रेमवर ते बरोबर बसतील अशी ती सरकवतं, फिरवतं आणि सरासरी काढत जातं. वाऱ्याने दुर्बीण हलून तारे लांबट आले तर ती फ्रेम बाद करायला सांगता येतं.

पडद्यावर हे कसं दिसतं? सप्तर्षींच्या शेपटीतल्या मरीचीजवळची एम 51 दीर्घिका आठ इंची दुर्बिणीत धरली आहे आणि फ्रेम आठ सेकंदांची आहे, असं समजा. पहिल्या फ्रेममध्ये सगळी रवाळ राखाडी, तिच्यात दोन फुगीर ठिपके. चार-पाच फ्रेम झाल्या की मोठ्या ठिपक्याभोवती काहीतरी वळतंय असा संशय येतो. तीस फ्रेम, म्हणजे चार मिनिटं झाली की सर्पिल भुजा सरळ सरळ दिसतात आणि त्यातली एक शेजारच्या एनजीसी 5195 कडे गेलेली कळते. या भुजा पहिल्यांदा ओळखल्या लॉर्ड रॉस यांनी, 1845 मध्ये, आणि त्यासाठी त्यांना 72 इंची आरसा लागला होता. ईएएवाला चार मिनिटं बघून खूश होतो, कोपऱ्यात आणखी एखादी पुसट दीर्घिका आहे का ते शोधतो आणि पुढच्या वस्तूकडे वळतो.

फोटोग्राफरची खरी रात्र या चार मिनिटांनंतर सुरू होते. त्याला विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक) हवा, ध्रुवाशी त्याची काटेकोर जुळणी हवी, गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची चाल सतत दुरुस्त करणं) हवं. मग कित्येक तासांची एक्स्पोजर, कधी अनेक रात्री तीच एक वस्तू. कॅमेऱ्याचे आणि दुर्बिणीचे दोष काढून टाकायला घ्यायच्या डार्क आणि फ्लॅट फ्रेम वेगळ्या. त्यानंतर संगणकावरचं प्रोसेसिंग, जे संपलं असं मनापासून म्हणणारा फोटोग्राफर विरळाच! इतका वेळ लागतो त्याला गणित जबाबदार आहे. चार मिनिटांऐवजी दोन तास दिले तर प्रकाश तीसपट जमतो, पण नॉइजच्या तुलनेत चित्र सुधारतं साडेपाचपट. पहिल्या काही मिनिटांत भराभर फरक दिसतो, पुढे प्रत्येक पायरी महाग होत जाते. ईएए त्या स्वस्त पायऱ्यांवरच थांबतं.

म्हणूनच सामानाच्या याद्या सारख्या वाटल्या तरी जोर वेगळ्या जागी असतो. फ्रेम छोट्या असल्याने ईएएला वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा साधा अल्ट-ॲझिमथ माउंट चालतो. चित्र हळूहळू फिरतं, पण सॉफ्टवेअर ते सावरून घेतं, फक्त कडा थोड्या वाया जातात. इथे खरी किंमत दुर्बिणीच्या वेगाला, म्हणजे एफचा आकडा जेवढा लहान तेवढा वेळ कमी. एफ/10 दुर्बिणीला तो आकडा 6.3 वर आणणारं भिंग, म्हणजे रिड्यूसर, लावलं की पसरट वस्तूंना लागणारा वेळ अडीचपट कमी होतो. फोटोग्राफीचं सल्लापत्रक वाचून ईएएसाठी आधी जड माउंट घेणं मला तरी उलटा क्रम वाटतो. ग्रहांचं तंत्र दोन्हींपेक्षा निराळं, ते इथे सोडून देऊ.

दोघांचा स्वभाव लघुग्रहापाशी उघडा पडतो. फ्रेम रचता रचता एक ठिपका लांबट होऊन रेघ बनू लागला की ईएएच्या पडद्याभोवती गर्दी जमते. तीच रेघ फोटोग्राफर बहुतेक वेळा प्रोसेसिंगमध्ये पुसून टाकतो.

गर्दी हा तर ईएएचा प्राणच. नेत्रिकेला डोळा एकाचाच लागतो, आणि ‘तुला दिसलं का?’ याला ‘हो’ म्हणणाऱ्याला नेमकं काय दिसलं ते कळायला मार्ग नसतो. पडद्यावर बोट ठेवता येतं. जपानी हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी 19 मे 2023 रोजी एम 101 या दीर्घिकेतला अतिनवतारा (स्फोट होऊन उजळलेला तारा) शोधला. पुढचे काही आठवडे पडदा आणि दीर्घिकेचा जुना फोटो शेजारी ठेवले की तो जास्तीचा तारा पोरांनाही सापडायचा. ज्यांच्याकडे ढग आहेत त्यांना हाच पडदा इंटरनेटवरून दाखवता येतो.

मात्र शेजारी कोणी नेत्रिकेतून बघत असेल तर लॅपटॉप त्याचा शत्रू. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि उघड्या पडद्याच्या एका झळीत ती कमाई जाते. लाल फिल्म लावली तर रंग बघण्याची मजा गेली. त्यापेक्षा पडदा खोक्यात घालावा, त्याची पाठ इतरांकडे करावी आणि थोडं लांब बसावं.

कॅमेरा आणि संगणक आतच असलेल्या स्मार्ट दुर्बिणींनी ही सरमिसळ आणखी वाढवली आहे. 50 मिलिमीटर भिंगाची सीस्टार एस 50 दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम घेऊन स्वतःच रचत जाते. पाच मिनिटं बघून पुढच्या वस्तूवर गेलात तर ते ईएए. तीच एका तेजोमेघावर तीन तास ठेवून सकाळी फाइल प्रोसेसिंगला घेतलीत तर फोटोग्राफी. दोन्हींची हौस असेल तर लाइव्ह स्टॅक चालू असतानाच सुट्या फ्रेमही साठवायची सोय बघून घ्या. रचून झालेल्या एकाच चित्रावर नंतर फारसे संस्कार करता येत नाहीत, सुट्या फ्रेमवर येतात. डिस्कवर जागा मात्र भरपूर ठेवा.