इंग्लंडच्या ए-लेव्हलमधील ‘प्रॉडक्ट डिझाइन’ : सुतारकामाच्या वर्गापासून प्रकल्पवहीपर्यंत

इंग्लंडमधील सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या वयात, मुले ए-लेव्हलसाठी, म्हणजे शाळेच्या शेवटी होणाऱ्या आणि विद्यापीठ प्रवेशासाठी ग्राह्य धरल्या जाणाऱ्या परीक्षेसाठी, साधारण तीन विषय निवडतात आणि त्यांत ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी : प्रॉडक्ट डिझाइन’ हा विषयही घेता येतो. त्याचे निम्मे गुण लेखी परीक्षेला आणि निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः निवडून पूर्ण केलेल्या एका प्रकल्पाला असतात. ए-लेव्हलच्या अलीकडच्या फेररचनेत इतिहास, भूगोल आणि इंग्रजी साहित्य या विषयांत अशा कामाला वीसच टक्के वाटा उरला असताना येथे तो पन्नास टक्के आहे. शाळेत हाताने केलेल्या कामात नेमके काय तपासायचे, वस्तूची सफाई की ती घडवताना झालेला विचार, या जुन्या प्रश्नाला मिळालेले हे उत्तर आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनमधील नेस येथे ओटो सालोमन यांनी ‘स्लॉइड’ ही हस्तकला-शिक्षणाची पद्धत रुजवली आणि तिचा प्रभाव ब्रिटनमधील शाळांपर्यंत पोहोचला. कारागीर तयार करणे हा तिचा हेतू नव्हता. हाताच्या कामातून मूल घडावे, ही तिची धारणा होती. प्रत्यक्ष वर्गात मात्र पुढे कित्येक दशके ठरलेल्या नमुन्याबरहुकूम वस्तू करणे आणि सांधा नेमका बसवणे, यालाच महत्त्व राहिले. मुलांना सुतारकाम व धातुकाम, मुलींना शिवण व स्वयंपाक अशी सरधोपट विभागणी होती. ए-लेव्हल परीक्षा १९५१ मध्ये सुरू झाली, तरी हुशार विद्यार्थ्याने पुस्तकी विषयच घ्यावेत हा समज त्यामुळे हलला नाही.

बदलाची खरी सुरुवात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली. अभ्यासक्रम व परीक्षांचे काम पाहणाऱ्या स्कूल्स कौन्सिल या संस्थेच्या पाठबळाने लफबरो येथे जेफ्री हॅरिसन यांनी शाळेतील तंत्रज्ञानावर, तर कील येथे जॉन एगलस्टन यांनी डिझाइन आणि हस्तकला यांच्या सांगडीवर काम केले. पण विषयाला वैचारिक पाया दिला तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील ब्रूस आर्चर यांनी, असे मला ठामपणे वाटते. १९७० च्या दशकाच्या मध्यावर, सामान्य शिक्षणात डिझाइनचे स्थान काय, याचा अभ्यास त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्या जोडीला डिझाइन हे ज्ञानाचे तिसरे क्षेत्र आहे आणि रेखाटने, आराखडे व नमुने हीच त्याची भाषा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे मान्य केले की कच्चे रेखाटन हा विचाराचा पुरावा ठरतो, आणि मग त्याला गुण देता येतात.

पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला आणि १९९० पासून ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हा विषय मुलामुलींना सारखाच सक्तीचा झाला. सध्याचा ए-लेव्हल अभ्यासक्रम सप्टेंबर २०१७ पासून शिकवला जातो. त्यात ‘डिझाइन इंजिनिअरिंग’ आणि ‘फॅशन अँड टेक्स्टाइल्स’ या दोन शाखाही आहेत.

प्रकल्पाची सगळी वाटचाल नोंदवणारी आजची प्रकल्पवही पाहिली की आर्चर यांचे म्हणणे समोर दिसते. समजा, संधिवात झालेल्या शेजारीणबाईंसाठी बरणीचे झाकण उघडण्याचे साधन करायचे आहे. विद्यार्थी आधी त्यांच्या हाताची पकड पाहतो, मापे घेतो, पुठ्ठ्याचे आणि फोमचे नमुने त्यांच्या हाती देतो. मूठ निसटली तर ती जाड करतो आणि हा बदल का केला ते त्याच पानावर लिहितो. फसलेला नमुनाही वहीत राहतो, कारण पुढचा निर्णय त्यावरच उभा असतो.

लेखी भागात डिझाइनचा इतिहासही येतो. एक्यूए या परीक्षा मंडळाने अभ्यासासाठी दिलेल्या डिझाइनरांच्या यादीत डीटर राम्स, मारियाने ब्रांट, मार्गारेट कॅल्व्हर्ट यांच्याबरोबर चार्ल्स आणि रे ईम्स आहेत. याच ईम्स दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याच्या घडणीचे मनापासून कौतुक केले होते आणि त्या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

इंग्लंडमध्ये मात्र या विषयाचा पाया आक्रसतो आहे. २००४ पासून वयाच्या चौदाव्या वर्षानंतर तो सक्तीचा राहिला नाही. २०१० नंतर शाळांचे मूल्यमापन ज्या ‘ईबॅक’ (इंग्लिश बॅकलॉरिएट) या मुख्यतः पुस्तकी विषयांच्या गटावर होऊ लागले, त्यात त्याला जागा मिळाली नाही. कार्यशाळा, यंत्रे आणि जाणकार शिक्षक यांवर खर्च करावा लागत असल्याने हात आखडता घेणाऱ्या शाळा आधी याच विषयाला कात्री लावतात, आणि सोळाव्या वर्षापर्यंत तो ज्यांना मिळालाच नाही ती मुले ए-लेव्हलला त्याच्या वाटेला क्वचितच जातात.