घर, धर आणि शेवटचा बाक

पाचवीतल्या मुलाची वही उघडा आणि फळ्यावरून उतरवून घेतलेली पानं वेगळी काढा. 'घर'च्या जागी 'धर', 'बाग'च्या जागी 'वाग', 'भात'च्या जागी 'मात' असं वारंवार दिसतंय का? मग त्याच मुलानं पुस्तकात बघून लिहिलेलं पान शेजारी ठेवा. तिथे या चुका नसतील, तर बिघाड शुद्धलेखनात नाही, डोळ्यात असण्याची शक्यता मोठी. वहीवर मात्र बहुतेक वेळा लाल शाईत 'लक्ष देऊन लिहा' एवढाच शेरा पडतो.

चुकीची अक्षरं हीच का, याचं उत्तर आपल्या लिपीत आहे. 'व' आणि 'ब' यांत फरक गाठीतल्या एका तिरक्या रेघेचा. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' ही जोडगोळीही तशीच, फरक डोक्यावरच्या छोट्याशा वळणाचा किंवा फटीचा. एवढीशी जागा लांबून दिसते की नाही, हे चक्क टेप लावून मोजता येतं.

डोळ्याची ताकद कोनात मोजतात. एका अंशाचे 60 भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मिनिट (कोनाचं, घड्याळाचं नव्हे). निरोगी डोळा एका मिनिटाएवढी फट ओळखतो. डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी 1862 मध्ये याच हिशेबावर तपासणीचा तक्ता बनवला. अक्षर पाच मिनिटांचं, त्यातली प्रत्येक रेघ आणि फट एक मिनिटाची. 6/6 म्हणजे 6 मीटरवरून जे दिसायला हवं ते 6 मीटरवरूनच दिसतंय. 6/18 म्हणजे चांगल्या डोळ्याला 18 मीटरवरून दिसणारं अक्षर या मुलाला 6 मीटरपर्यंत पुढे आल्यावर दिसतंय.

आता 20 बाय 25 फुटांची वर्गखोली घ्या. शेवटच्या बाकापासून फळा साधारण 7 मीटरवर येतो. या अंतरावर एक मिनिट म्हणजे 2 मिलिमीटर. बाईंनी 3 सेंटिमीटर उंचीचा 'ब' काढला, तर त्याच्या गाठीच्या आतली मोकळी जागा जेमतेम 1 सेंटिमीटर भरते. खडूची रेघ 4 मिलिमीटर जाड. म्हणजे तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना उरल्या 3-3 मिलिमीटरच्या फटी, कोनात दीड मिनिट. 6/6 डोळा त्या पकडतो, पण काठावरच. 6/12 च्या डोळ्याला किमान दोन मिनिटांची फट लागते, त्यामुळे त्याला 'ब'ची गाठ भरलेली दिसते आणि तो सवयीनं 'व' लिहून मोकळा होतो. तेच अक्षर 5 सेंटिमीटरचं काढलं की फटी रुंदावतात. शिरोरेघेपासून खालपर्यंत 4 ते 5 सेंटिमीटर, ही शेवटच्या बाकासाठी योग्य उंची. खडूची कड झिजू देऊन जाड रेघ काढण्यापेक्षा खडू फिरवत राहून बारीक रेघ काढणं बरं. रेघ जाड झाली की फट बुजते, आणि वाचताना डोळ्याला फटच लागते.

इथे एक गंमतीची अडचण आहे. मोठ्या, सुटसुटीत अक्षरात लिहिणारे गुरुजी असले की वर्गातल्या मुलांचा नंबर वर्षानुवर्षं झाकला जातो. चौथीपर्यंत गल्लीतली शाळा, लहान खोली, पट कमी. पाचवीला हायस्कूल, मोठी खोली, उंचीमुळे मागचा बाक, विषयाला वेगळे शिक्षक आणि प्रत्येकाचं अक्षर वेगळं. मग 'पोरगं हायस्कुलात गेलं आणि बिघडलं' असं घरात बोललं जातं.

मूल स्वतः तक्रार करत नाही, कारण त्याला तुलना करायला दुसरं काही नसतं. सगळ्यांनाच फळा असाच धुरकट दिसतो, अशी त्याची समजूत. शिवाय जवळचं त्याला उत्तम दिसतं. निकटदृष्टितेत, म्हणजे 'मायनस' नंबरात, डोळ्याचा गोल गरजेपेक्षा लांब झालेला असतो आणि लांबच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, अलीकडेच पडते. स्पष्ट दिसण्याची हद्द काढायचं गणित सोपं आहे. 1 ला नंबरानं भागायचं, उत्तर मीटरमध्ये. नंबर 1 असेल तर 1 मीटरपर्यंत स्पष्ट, 2 असेल तर अर्धा मीटर. वही असते 30 सेंटिमीटरवर. म्हणून 'मोबाईल तर बरोब्बर दिसतोय की' हा युक्तिवाद काही सिद्ध करत नाही.

डोळे बारीक करून बघणं ही खूण मात्र ओळखावी. पापण्यांच्या चिरेतून प्रकाशाची अरुंद पट्टीच आत जाते आणि धूसरपणा कमी होतो. याच्या नेमकं उलट घडतं ते आपल्या पावसाळ्यात. कोल्हापुरात जूनच्या मध्याला शाळा सुरू होते आणि लगेच आभाळ उतरतं. वाऱ्यानं पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद, त्यात वीज गेलेली. अंधार वाढला की डोळ्याची बाहुली रुंदावते, 3 मिलिमीटरची 6 होते. दृष्टिपटलावर पडणारा धूसर ठिपका बाहुलीच्या व्यासाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तोही दुप्पट. पाऊण किंवा एक नंबर असलेलं मूल मार्चच्या उन्हात फळा वाचतं आणि जुलैत अडखळतं, त्याचं कारण हे. वर्गात बाकावर साधारण 300 लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड हवा. फळ्यावर तेवढा पडावा म्हणून ट्यूब मुलांच्या डोक्यावर नव्हे, फळ्यापासून दीड-दोन फूट पुढे, फळ्याला समांतर आणि मुलांच्या बाजूनं आडोसा करून लावावी. उघडी ट्यूब मुलांच्या डोळ्यासमोर आली तर केलेलं काम वाया.

उजेड आहे, अक्षर मोठं आहे, तरी दोन-तीन बाकांवरूनच दिसत नाही, असं असेल तर ती चकाकी. खिडकीचा उजेड फळ्यावर ज्या कोनात पडतो त्याच कोनात पलीकडे परततो आणि तिथे बसलेल्या पोराला फळ्याचा तेवढा भाग पांढरा दिसतो. सकाळच्या शाळेत पूर्वेच्या खिडकीचा हा त्रास जास्त. शोधायची युक्ती अशी. एकानं त्या बाकावर बसायचं, दुसऱ्यानं फळ्याच्या चकाकणाऱ्या भागावर छोटा आरसा सपाट टेकवून धरायचा. बसलेल्याला आरशात जी खिडकी किंवा ट्यूब दिसेल ती गुन्हेगार. तेवढाच पडदा ओढायचा. स्टँडवरचा फळा असेल तर वरची कड दोन-तीन इंच पुढे झुकवली की परतणारा प्रकाश जमिनीकडे जातो.

फळा चकाकतो याला पुष्कळदा रंग कारणीभूत असतो. शाळेचे दरवाजे रंगवताना उरलेला काळा ऑइलपेंट फळ्याला मारला की तो आरशासारखा होतो, वर खडूही घसरतो. फळ्याचा रंग वेगळा मिळतो. तो खरखरीत, बिनचमकीचा असतो, आणि त्या खरखरीवरच खडू झिजून रेघ उमटते. ओल्या फडक्यानं दर तासाला फळा पुसण्याची सवयही मोडावी. पाणी सुकलं की खडूच्या भुकटीचा पातळ राखाडी थर मागे राहतो, आणि पांढरं अक्षर राखाडीवर फिकं पडतं. दिवसभर कोरडं डस्टर, शाळा सुटताना एकदाच धुणं. आपल्याकडचा खडू बहुतेक जिप्समचा. तो पावसाळ्यात दमट झाला की ओढतो पण उमटत नाही, म्हणून खोका झाकणाच्या डब्यात ठेवावा. रंगीत खडूंत पिवळा चालतो. लाल आणि निळा मागच्या बाकासाठी नाहीतच म्हणा. हिरव्या फळ्यावर लाल तर नकोच. लाल-हिरव्यात फरक न कळणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात.

घरी तपासणी करायची तर आलेख कागद पुरतो. 10 मिलिमीटरच्या चौकोनात इंग्रजी ई काढा. पाठीचा उभा दांडा आणि तीन आडवे हात प्रत्येकी 2 मिलिमीटर जाड, मधल्या दोन फटीही 2 मिलिमीटरच्या. काळ्या शाईनं भरा. हे अक्षर 15 फुटांवरून ओळखता येणं म्हणजे 6/9 दृष्टी. कागद चांगल्या उजेडाच्या भिंतीवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला. खिडकीच्या शेजारी नको, डोळे दिपतात. 15 फूट टेपनं मोजा, पावलांनी नको. एक डोळा तळहाताची वाटी करून झाकायचा. बोटांनी झाकला की पोरं फटीतून बघतात. दाबून झाकला की तो डोळा नंतर काही मिनिटं धूसर राहतो आणि त्याची पाळी आली की उगीच नापास होतो. मग कागद चार दिशांना फिरवत पाच वेळा दाखवा, ईचे हात कुठे आहेत ते मुलानं हातानं दाखवायचं. पाचात चार बरोबर आले तर पास. निव्वळ अंदाजानं चार किंवा पाच बरोबर येण्याची शक्यता 64 त एक, म्हणून एवढी चाचणी भरवशाची. दुसऱ्या डोळ्याला क्रम बदला. डोळे बारीक केले तर तो प्रयत्न बाद.

दोन्ही डोळे वेगवेगळे तपासण्याचा आग्रह उगीच नाही. एक डोळा धड असेल तर मूल सगळं व्यवहारात निभावून नेतं आणि दुसरा डोळा मेंदू हळूहळू वापरायचंच सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात.

नापास झालं तर जाड पुठ्ठ्याला सुईनं 1 मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यातून तोच कागद बघायला द्या. भोकातून स्पष्ट दिसलं तर बहुधा प्रश्न नंबराचा. तरीही दिसलं नाही तर डॉक्टरकडे जायला महिना लावू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन तपासणी करतं, त्या दिवशी मूल गैरहजर नाही एवढं बघावं. डॉक्टरांकडे एक गोष्ट विचारून घ्यावी, थेंब घालून तपासणार का? लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग फार लवचिक असतं. यंत्रात बघताना ते ताणतं आणि मायनस नंबर आहे त्यापेक्षा जास्त निघतो. थेंबांनी ते सैल पडतं. औषधाप्रमाणे त्याचा असर एका दिवसापासून आठ-दहा दिवस टिकतो, तेवढ्यात जवळचं धूसर दिसतं आणि ऊन खुपतं. दिवाळीची सुट्टी त्यासाठी सोयीची.

चष्मा लावल्यानं नंबर वाढतो, हा समज कोल्हापुरात काय आणि कुठेही काय, हटता हटत नाही. नंबर वाढतो तो डोळ्याचा गोल लांबत जातो म्हणून. जन्मतः सुमारे 17 मिलिमीटर असलेला गोल मोठेपणी 24 च्या आसपास स्थिरावतो, आणि त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर अडीच ते तीन नंबर देऊन जातो. मुद्दाम कमी नंबराचा चष्मा देऊन ते थांबत नाही. गाजरानंही नाही. गाजर रातांधळेपणाशी संबंधित, तेही अ जीवनसत्त्व कमी असेल तरच.

नंबर लागणंच लांबवण्यात उपयोग होतो तो उघड्यावरच्या उजेडाचा. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जादा बाहेर ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना मायनस नंबर लागला, नेहमीसारखी शाळा चाललेल्या मुलांत 39.5 टक्के. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तैवाननं 2010 पासून शाळांत रोज 120 मिनिटं बाहेर हे धोरणच केलं. तेज उजेडात दृष्टिपटलात डोपामिन नावाचं रसायन जास्त सुटतं आणि ते गोलाच्या लांबण्याला आवर घालतं, असं आजचं सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. व्यायामाचा इथे संबंध नाही, ही आपल्या कोल्हापूरला थोडी न रुचणारी बाब. गंगावेस असो की मोतीबाग, तालमीतला आखाडा छपराखाली. तिथला घाम अंगाला लागतो, डोळ्याच्या खात्यात जमा होत नाही. गांधी मैदानातला फुटबॉल मात्र जमा होतो. ऊन हवंच असंही नाही. भर उन्हात लाखभर लक्स असतात, पण झाडाच्या सावलीतही काही हजार मिळतात, ढगाळ दुपारीही. वर्गातल्या 300 च्या मानानं ते कैक पट.

म्हणून शाळेच्या दिवसाचा हिशेब मांडून बघा. परिपाठ मैदानात झाला तर 20 मिनिटं, मधली सुट्टी बाहेर काढली तर 30, खेळाचा तास 35. चालत येणाऱ्याची 20 अजून. पावणेदोन तास झाले. रिक्षातून ये-जा, परिपाठ स्पीकरवरून वर्गातच, डबाही बाकावरच आणि खेळाच्या तासाला गणित घेतलं, तर उरतं शून्य. पावसाळ्यात उघडीप मिळाली की अर्धा तास पोरांना पटांगणात सोडणं हे म्हणूनच वेळ वाया घालवणं नव्हे.

चष्मा आल्यावर 15 फुटांची चाचणी चष्म्यासकट पुन्हा करावी, दोन्ही डोळ्यांची. पहिले तीन-चार दिवस फरशी उंच-सखल भासते, ते आपोआप जातं. काच गणवेशाच्या टोकानं पुसली की धुळीचे ओरखडे पडतात. आधी पाण्याखाली धरावी. आणि चष्म्यानंही एक डोळा मागेच राहिला, तर डॉक्टर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगतात, रोज काही तास. सात वर्षांच्या आत सुरू केली तर गुण लवकर येतो. पोरं पट्टी ओढून काढतात, कारण कमजोर डोळ्यानं चालणं-फिरणं त्यांना कटकटीचं वाटतं. ती वेळ चित्र रंगवणं, तांदूळ निवडणं, गोष्टीचं पुस्तक अशा बैठ्या, बारीक कामात घालवली की पट्टी टिकते, आणि त्या डोळ्याला हवं ते कामही मिळतं.