स्वस्त ट्यूब प्रीअँपची निवड (तबकडी आणि हेडफोनसाठी)

रेकॉर्ड प्लेअरच्या पिकअपमधून येणारा अतिशय क्षीण संकेत वाढवून तो अँप्लिफायरला किंवा थेट हेडफोनला देणाऱ्या आणि त्या कामात कुठेतरी निर्वात नळी वापरणाऱ्या उपकरणाला ट्यूब प्रीअँप म्हणतात. ही नोंद साधारण पंधरा हजार रुपयांच्या आतल्या संचांविषयी आहे आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतील वीज, ऊन आणि धूळ गृहीत धरून लिहिली आहे. या किमतीत आवाजाचा दर्जा ट्यूबवर फारसा ठरत नाही. तो ठरतो फोनो विभाग (पिकअपचा संकेत वाढवून सुधारणारा भाग), हेडफोनचा निर्गम (आउटपुट) आणि वीजपुरवठा या तीन गोष्टींवर. निवड याच क्रमाने करावी आणि ट्यूबचा विचार शेवटी करावा.

ट्यूबचे नेमके काम

१२एएक्स७ (म्हणजेच ईसीसी८३) ही प्रीअँपमधली सर्वांत परिचित ट्यूब. तिच्या माहितीपत्रकात ॲनोडचा (नळीतल्या धन टोकाचा) दाब १०० ते २५० व्होल्ट धरलेला असतो. स्वस्त संच १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालतात आणि त्यातल्या अनेकांत ॲनोडला जेमतेम २५-३० व्होल्ट मिळतात. त्यामुळे बऱ्याच संचांत सगळी वाढ ऑप-अँप (संकेत वाढवणारी चिप) करते आणि ट्यूब त्यानंतर बफर (संकेत न वाढवता पुढे देणारा टप्पा) म्हणून बसवलेली असते. तिच्यामुळे थोडा द्वितीय हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा स्वर) मिसळतो. काहींच्या कानाला तो गोड लागतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्यासाठी जास्त पैसे मोजण्यापूर्वी मंडल-आकृती (सर्किट डायग्राम) किंवा आतला फोटो पाहावा. ट्यूबखालून येणारा नारिंगी उजेड बऱ्याचदा एलईडीचा असतो. हीटर तापल्यावर दिसणारी खरी लाली मंद असते आणि ती नळीच्या आतून येते.

सर्वांत स्वस्त बोर्डांवर ६जे१ या सात पिनी ट्यूब असतात. त्यांतील बहुतेक बोर्डांना १२ व्होल्ट एसी लागते, कारण त्यावरून दुप्पट डीसी दाब तयार केला जातो. अशा बोर्डाला नेहमीचा डीसी ॲडॉप्टर लावला की दाब दुप्पट होत नाही आणि बोर्ड नीट चालत नाही. शिवाय त्यांत फोनो विभाग सहसा नसतोच. तबकडीसाठी असा बोर्ड एकटा कामाचा नाही.

फोनो विभाग

तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि तीव्र स्वर वाढवलेला असतो. वाजवताना याच्या नेमके उलट करावे लागते. १९५४पासून रूढ झालेला आरआयएए (अमेरिकी रेकॉर्ड उद्योग संघटनेचा) वक्र १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वाढ आणि २० किलोहर्ट्झला जवळजवळ तेवढीच घट मागतो. त्याचे कालांक (टाइम कॉन्स्टंट) ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद आहेत. ते साधणारे रेझिस्टर-कपॅसिटर पाच-दहा टक्क्यांनी इकडेतिकडे असले तर डाव्या-उजव्या बाजूंच्या आवाजाचा पोत वेगळा लागतो. असा दोष हेडफोनमध्ये स्पीकरपेक्षा लवकर कळतो.

मूव्हिंग मॅग्नेट पिकअप (सुईसोबत चुंबक हलणारा) ३ ते ६ मिलिव्होल्ट देतो. त्याला १ किलोहर्ट्झवर सुमारे ४० डेसिबल, म्हणजे शंभरपट, वाढ लागते. ३५ डेसिबलच्या संचात आवाज कमी पडतो, तर ४५च्या पुढे जोरदार भागात ऑप-अँप कापला जाऊन आवाज फाटतो. इनपुट ४७ किलोओमचे हवे. कपॅसिटन्सकडे (विद्युतधारकतेकडे) बहुतेक ग्राहक पाहतच नाहीत. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई पिकअपला १०० ते २०० पिकोफॅरड चालतात, ऑर्टोफॉन २एम रेडला १५० ते ३००. साध्या आरसीए वायरीत मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असतात, टोनआर्मच्या आतल्या तारांचे आणखी निघतात आणि प्रीअँपचे स्वतःचे वेगळे. बेरीज मर्यादेबाहेर गेली की तीव्र स्वरात शिखर येते आणि ‘स’, ‘श’ टोचतात. उपाय एवढाच की वायर लहान घ्यावी. ट्यूब बदलून हा दोष जात नाही. मूव्हिंग कॉइल पिकअपला आणखी वीसेक डेसिबल लागतात. त्याच्या वाटेला या किमतीत जाऊच नये.

बऱ्याच नव्या प्लेअरमध्ये प्रीअँप आतच असतो आणि मागे ‘फोनो/लाईन’ असे बटण असते. ते ‘लाईन’वर ठेवून वायर बाहेरच्या फोनो इनपुटला जोडली तर वक्र दोनदा लागतो: खर्ज घुमतो आणि सगळे फाटते. उलट, ‘फोनो’वर ठेवून साध्या लाईन इनपुटला जोडले तर आवाज बारीक, पातळ आणि किरकिरा येतो. संच बिघडला असे वाटण्यामागे बऱ्याचदा हे बटणच असते.

जुने प्लेअर आणि ७८च्या तबकड्या

एचएमव्हीच्या जुन्या सुटकेसवजा प्लेअरमध्ये सिरॅमिक किंवा क्रिस्टल पिकअप असतो. तो शेकडो मिलिव्होल्ट देतो, त्याला आरआयएए विभाग लागत नाही, पण १ मेगाओमच्या जवळपास इनपुट लागते. ४७ किलोओमला जोडल्यास खर्ज नाहीसा होतो. ट्यूबच्या ग्रिडला (संकेत घेणाऱ्या टोकाला) १ मेगाओमचा रेझिस्टर सहज ठेवता येतो, म्हणून अशा प्लेअरसाठी ट्यूबचे लाईन इनपुट खरोखर उपयोगाचे ठरते. आजोबांचा प्लेअर चालू करायचा असेल तर फोनो प्रीअँप घेण्याचे कारण नाही. मात्र या पिकअपचा भार पाच-दहा ग्रॅमपर्यंत असतो, त्यामुळे चांगल्या एलपी त्यावर लावू नयेत.

भारतात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६०च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे नाट्यपदे, भावगीते आणि कीर्तनांच्या तबकड्या जुन्या घरांत अजून सापडतात. त्यांना सुमारे ७६ मायक्रॉनची जाड सुई लागते. एलपीची १८ मायक्रॉनची सुई खोबणीच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच वाजवते. व्हीएम९५ मालिकेत ७८साठीची व्हीएम९५एसपी मिळते. आरआयएएच्या आधीच्या तबकड्यांत तीव्र स्वर तितके वाढवलेले नसत, म्हणून फोनो विभागातून त्या दबलेल्या ऐकू येतात. प्रीअँपला ट्रेबलचे बटण असेल तर ते इथे कामी येते. मोनो बटणही पाहावे: दोन्ही बाजू एकत्र केल्या की सुईच्या वरखाली हालण्यातून येणारी खरखर बरीच कमी होते.

हेडफोन

जाहिरातीत मिलिवॅट छापलेले असतात, निर्गम रोध (आउटपुट इम्पीडन्स) क्वचितच. तो विचारल्याशिवाय संच घेऊ नये. हेडफोनच्या ओमच्या आठव्या भागापेक्षा तो कमी असावा. ३२ ओमच्या हेडफोनसाठी ४ ओमच्या आत. ६डीजे८ ही ट्यूब कॅथोड फॉलोअर (दाब न वाढवता फक्त प्रवाह पुरवणारी जोडणी) म्हणून थेट हेडफोनला जोडली तर तिचा निर्गम रोध ८० ओमच्या आसपास येतो. ३२ ओमच्या हेडफोनला मग दाबाचा एक तृतीयांशही मिळत नाही, आणि बहुतेक डायनॅमिक हेडफोनचा रोध खर्जात वाढत असल्याने तिथे आवाज फुगतो. तीच ट्यूब ३०० ओमच्या सेनहायझर एचडी ६००ला बरीच मानवते.

एक मिलिवॅटला ९८ डेसिबल देणाऱ्या हेडफोनमध्ये ११० डेसिबलचे क्षणिक शिखर गाठायला १६ मिलिवॅट लागतात. हेडफोन ३२ ओमचा असेल तर त्यासाठी ०.७ व्होल्ट आणि २२ मिलिअँपिअर, ३०० ओमचा असेल तर २.२ व्होल्ट आणि ७ मिलिअँपिअर. कमी ओमला प्रवाह लागतो, जास्त ओमला दाब. लहान ट्यूबला प्रवाह देणे जड जाते, म्हणून खानदेशात सहज मिळणाऱ्या ३२ ओमच्या हेडफोनसाठी आधी ट्यूब आणि नंतर ऑप-अँप किंवा ट्रान्झिस्टर असा मिश्र संचच घ्यावा. पूर्ण ट्यूबचा संच या किमतीत आणि या हेडफोनवर निराशा करतो.

हीटर तापेपर्यंत डीसी दाब स्थिर नसतो. संच चालू करून मिनिटभराने हेडफोन लावावा आणि बंद करताना आधी काढावा. चांगल्या संचात यासाठी रिले असतो. चालू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येतो तो त्याचाच.

वीज आणि अर्थिंग

खानदेशातल्या तक्रारींचे मूळ बहुधा इथे असते. फोनो विभाग शंभरपट वाढवतो, त्यामुळे घरातल्या वायरिंगचा प्रत्येक दोष तो ऐकवतो.

गावठाणात संध्याकाळी दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला तर १२ व्होल्ट एसीचा साधा ट्रान्सफॉर्मर ९.४ व्होल्टच देतो. रेग्युलेटर नसलेल्या ६.३ व्होल्टच्या हीटरला मग ४.९ व्होल्ट मिळतात. हीटरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही, त्यामुळे आवाज मरगळतो आणि ट्यूबचे आयुष्यही घटते. अशा संचाला स्टॅबिलायझर हवाच. १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएस (मोबाइल चार्जरच्या जातीच्या) ॲडॉप्टरला कमी दाबाचा त्रास नाही. त्याला मारते ते डीपीवरचे (वितरण ट्रान्सफॉर्मरवरचे) न्यूट्रल सुटणे. तेव्हा घरात ३०० व्होल्टच्या वर दाब येऊ शकतो. जास्त दाबाला पुरवठा तोडणारा स्टॅबिलायझर ॲडॉप्टरच्या आधी असावा. ॲडॉप्टरवर बीआयएस नोंदणीचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक पाहावा.

दोन पिनी एसएमपीएस ॲडॉप्टरवर चालणाऱ्या संचाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून अत्यल्प प्रवाह येतो, त्याचा हा परिणाम. हेडफोनमध्ये तोच गुणगुण बनतो. प्रीअँपचा जीएनडी स्क्रू तीन पिनी प्लगच्या अर्थला जोडला की दोन्ही थांबतात, मात्र अर्थिंग खरे असले तर. तापी खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते, अर्थिंगच्या पाइपाशी तिचा संपर्क सुटतो आणि रोध वाढतो. मार्चपासून खड्ड्यात आठवड्यातून एकदा पाणी घालावे आणि वायरमनकडून रोध मोजून घ्यावा. प्लेअरची बारीक अर्थ वायर वेगळी असते. ती प्रीअँपच्याच स्क्रूला लावायची, भिंतीतल्या अर्थला नाही. दोन ठिकाणी अर्थ केला की लूप तयार होतो आणि गुणगुण वाढते.

लाईट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तबकडी ऐकता येत नाही. ५० हर्ट्झच्या पटीतली घरघर थेट आत शिरते. साइन वेव्ह इन्व्हर्टर चालतो. १२ व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या संचासाठी आणखी चांगली सोय शेतकऱ्याच्या घरात आधीच असते: फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएच बॅटरी. एक अँपिअर घेणारा संच तिच्यावर पाच-सहा तास चालतो आणि विजेची गुणगुण पूर्ण थांबते. धन तारेत २ अँपिअरचा फ्यूज घालावा, प्लगची ध्रुवता तपासावी. चार्जिंग चालू असताना मात्र वापरू नये. तेव्हा बॅटरीवर १४.४ व्होल्ट असतात आणि थेट जोडलेल्या १२.६ व्होल्टच्या हीटरला ते जास्त होतात.

ऊन आणि धूळ

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ट्यूबला त्याचे काही वाटत नाही, पण शेजारच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांना निम्मे होते. आत ८५ अंशांचे नव्हे, १०५ अंशांचे कपॅसिटर असलेला संच घ्यावा आणि चहूबाजूंनी वीतभर जागा मोकळी ठेवावी.

एलपी पीव्हीसीची असते, जळगावात ज्याचे पाइप बनतात त्याच जातीच्या प्लास्टिकची. साठ अंशांच्या आसपास ती मऊ पडते. बंद गाडी, पत्र्याखालचा माळा आणि पश्चिमेच्या भिंतीतले कपाट उन्हाळ्यात टाळावे. धाब्याच्या घरातली खालची खोली उत्तम. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. वाकलेल्या तबकडीतून २ ते ६ हर्ट्झची हालचाल येते. ती ऐकू येत नाही, पण हेडफोनचा पडदा हिंदकळवते आणि अँपची ताकद खाते. म्हणून २० हर्ट्झखाली कापणारा सबसोनिक फिल्टर या भागात चैनीची गोष्ट मानू नये.

जिनिंग सुरू झाले की कापसाचे तंतू घरभर येतात आणि सुईला गोळा होतात. प्रत्येक बाजू लावण्यापूर्वी कार्बन फायबर ब्रश फिरवावा. एलपी धुवायला बोअरचे जड पाणी वापरू नये, क्षार खोबणीत बसतात. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात द्रव साबणाचे दोन-तीन थेंब पुरतात. ७८च्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोल कधीही लावू नये, लाख विरघळते.

तपासणी आणि ट्यूब बदलणे

संच परत करण्याची मुदत संपण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. सुई वर ठेवून आवाज नेहमीच्या पातळीवर आणावा: गुणगुण ऐकू येता कामा नये, सूक्ष्म सळसळ चालते. मोनो तबकडीवर गायकाचा आवाज बरोबर मध्ये यावा. आवाज अगदी कमी करून एक बाजू आधी मरते का ते पाहावे; स्वस्त व्हॉल्यूम पॉटचा हा नेहमीचा दोष आहे. शेवटी पेन्सिलीने ट्यूबला हलकी टिचकी मारावी. घंटेसारखा नाद हेडफोनमध्ये रेंगाळला तर ट्यूब मायक्रोफोनिक आहे आणि ती बदलून मागावी.

दोष शोधायला आणखी एक खूण वापरता येते. एका बाजूने खरखर येत असेल तर दोन ट्यूबची अदलाबदल करावी. खरखर दुसऱ्या बाजूला गेली तर ट्यूब वाईट. तिथेच राहिली तर सॉकेट, सोल्डर किंवा वायर. जुन्या रेडिओ-टीव्ही कारागिराला हे काम सहज जमते. सुटे भाग जळगावात मिळाले नाहीत तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे.

ट्यूब घेताना पिनांची जुळणी आधी पाहावी, आकार सारखा असून भागत नाही. १२एएक्स७, ६डीजे८ आणि ६एन३ तिन्ही नऊ पिनी असल्या तरी हीटरची किंवा इलेक्ट्रोडची मांडणी वेगळी आहे. चुकीची लावली तर ट्यूब किंवा संच जळतो. ६जे१च्या जागी ६एके५, ५६५४ आणि ईएफ९५ चालतात. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या जुन्या ईसीसी८३ अजून बाजारात दिसतात आणि चांगल्या असतात, पण मापून दिलेलीच घ्यावी. ट्यूब काही हजार तास टिकते, शंक्वाकार सुई त्याहून बरीच कमी, पाचशे ते हजार तास. दोन हजार रुपये हाताशी असतील आणि सुई जुनी झाली असेल तर आधी सुई बदलावी. झिजलेली सुई दर फेरीला खोबण खरवडते आणि ती तबकडी पुन्हा पूर्ववत होत नाही.